दाब आणि उलाळ

पहाटे ५.३०

जानेवारीत बोदलकस्याच्या तलावावर धुकं उतरलं की पाळीवर उभं राहूनही पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पाहुणी बदकं अंधारातच कलकल करत असतात. १९१७ साली बांधलेलं हे धरण, पलीकडे नागझिऱ्याचं जंगल, आणि या दोन्हींच्या मधून रोज पहाटे टोकापर्यंत जाऊन येण्याचा माझा नेम. आज अर्ध्यावरूनच परतलो. रात्रभर डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आज इंजिन बसवायचं.

वायुदलात मी वीस वर्षं इंजिनांवर काम केलं. तिथे इंजिन बदलायचं म्हणजे हाताखाली माणसं, क्रेन, ट्रॉली, आणि प्रत्येक पायरीला सहीचा कागद. इथे आमचं धानाचं जुनं गोदाम आहे, उसनी आणलेली चेनपुली आहे, पुतण्या आहे आणि राइस मिलचे मिस्त्री आहेत. विमानही लहानसं, दोन माणसांचं. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, दोन्ही पंख अजून वेगळे, भिंतीला टेकवून ठेवलेले. चार हिवाळे गेले या कामात. सगळं जागेवर आलं तरी नाकाशी पोकळी होती, आणि नाक रिकामं असल्यामुळे विमान शेपटीवर बसलेलं होतं. तीन चाकांचं विमान इंजिनाशिवाय असंच बसतं, पुढचं चाक अधांतरी ठेवून. शेपटीखाली मी एक तिपाई ठेवलेली, तिच्यावर बारदान्याच्या चार घड्या.

सकाळी ७.००

गोदाम झाडलं, पाणी शिंपडलं, धूळ बसू दिली. नाकाखाली स्वच्छ बारदाना अंथरला, म्हणजे हातातून काही निसटलं तर घरंगळत जाणार नाही. मग हत्यारांची गणती.

भिंतीवर एक प्लायवूडची फळी आहे. प्रत्येक पान्याचा, पकडीचा, पेचकसाचा आकार तिच्यावर रंगवलेला आहे. पाना उचलला की त्याची रिकामी सावली फळीवर उरते, आणि ती सावली दुरूनही डोळ्यांत खुपते. वायुदलातली ही पद्धत मी जशीच्या तशी घरी आणली. तिथे संध्याकाळी एक जरी सावली रिकामी असली, तरी विमान जागचं हलत नसे. इंजिनाच्या कप्प्यात विसरलेला दहा नंबरचा पाना जमिनीवर काहीच करत नाही. तो हवेत गेल्यावर करतो. पुतण्यानं त्रेचाळीस मोजली, मी त्रेचाळीस मोजली, वहीत दोघांनी सही केली. शेजारी एक पत्र्याची डबी ठेवली, कापलेल्या तारांच्या तुकड्यांसाठी. त्या तुकड्यांचीही गणती होते.

"काका, तुकडे काहून मोजाचे?" पुतण्यानं पहिल्या वर्षी विचारलं होतं. आता तो विचारत नाही. डबी आपणच काढून ठेवतो.

सकाळी ८.३०

मिस्त्री आले ते खांद्यावर पट्टे टाकूनच. वहिनीनं पोहे केले होते, वर चण्याची तर्री. खाता खाता मिस्त्रींची नजर इंजिनाच्या लाकडी घोडीकडे. पोहे संपवून त्यांनी हात पुसले, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "का भाऊ, हे एवढंसं? याच्यापेक्षा तर आमच्या शेतातलं पंपाचं इंजिन मोठ्ठं हाये."

बरोबरच आहे. पाच अश्वशक्तीचं पाण्याचं डिझेल इंजिन शंभर किलोच्या वर भरतं. हे रोटॅक्स ९१२, ऑस्ट्रियात बनलेलं. अंगच्या सामानासकट साठेक किलो, म्हणजे आपल्या खरेदी केंद्रावरचा धानाचा दीड कट्टा, आणि ताकद शंभर अश्वशक्तीची. चार सिलिंडर, दोन डावीकडे नि दोन उजवीकडे, समोरासमोर आडवे झोपलेले. सिलिंडर वाऱ्यानं थंड होतात, त्यांची डोकी पाण्यानं. मिस्त्रींना सर्वांत नवल वाटलं ते फेऱ्यांचं. पूर्ण जोरात हे इंजिन मिनिटाला ५८०० फेरे मारतं. एवढ्या वेगानं पंखा फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जातील आणि नुसता गोंगाट होईल, ओढ मिळणार नाही. म्हणून पुढे गिअरबॉक्स आहे. इंजिनाचे जवळजवळ अडीच फेरे होतात तेव्हा पंखा एकदा फिरतो.

मी त्यांना राइट बंधूंच्या इंजिनाची गोष्ट सांगितली. १९०३ साली कुठलीही मोटार कंपनी त्यांना हवं तसं हलकं इंजिन द्यायला तयार नव्हती, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत ते घडवलं. हाताशी लेथ आणि ड्रिलिंग मशीन, बाकी सगळं हातांचं कसब. ऐंशीएक किलोचं इंजिन आणि ताकद बारा अश्वशक्तीची, तेवढ्यावर माणूस उडाला. उडणाऱ्या भावांची नावं जगाला पाठ आहेत. टेलरचं नाव मेकॅनिकांनी जपून ठेवलं. मिस्त्री दोन वेळा म्हणाले, "सायकल दुकानातला?" तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, पट्टे सोडायला लागले.

सकाळी ९.१५

इंजिन अजून घोडीवरच. आधी त्याच्या पाठीला पोलादी कडं बसवायचं. चार बोल्ट, प्रत्येकाच्या डोक्याला आरपार बारीक भोक. टॉर्क पान्यानं चारही ठरल्या मापाला आवळले आणि मग लॉकवायर.

हे काम मला सगळ्या कामांत जास्त आवडतं. ०.८ मिलिमीटरची स्टेनलेसची तार. पहिल्या बोल्टच्या भोकातून ओवायची, दोन्ही पदर एकमेकांत पिळत दुसऱ्या बोल्टपर्यंत न्यायचे. इंचाला सहा ते आठ पीळ. कमी पडले तर तार सैल, जास्त झाले तर तार पिळातच कमकुवत. तार अशा बाजूनं न्यायची की पहिला बोल्ट सैल व्हायला लागला तर तो दुसऱ्याला आवळत जाईल. दोघे एकमेकांचा हात धरून उभे असतात, एकानं पाय उचलला की दुसरा त्याला खाली ओढतो. शेवटी चार पीळ जास्तीचे, टोक कापायचं आणि आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाच्या बोटात शिरतं.

दुसरी जोडी मला पसंत पडली नाही. पीळ मध्येच विरळ झाला होता. पुतण्या म्हणाला, "चालते ना काका." मी कापली. लॉकवायर एकदा काढली की पुन्हा वापरत नाहीत. नवी तार घेतली आणि या वेळी पकड पुतण्याच्या हातात दिली. त्यानं केलेली जोडी माझ्या पहिल्या जोडीपेक्षा नीट झाली, हे मी त्याला तिथेच सांगितलं. डबीत चार तुकडे पडले. वहीत लिहिले.

सकाळी १०.३०

इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये विमानात एकच भिंत असते, फायरवॉल. स्टेनलेसचा पत्रा, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. पलीकडे पेट्रोलच्या नळ्या नि लालभडक होणारा एक्झॉस्ट, अलीकडे आपले गुडघे. आग लागलीच तर खाली उतरायला वेळ मिळावा, एवढंच तिचं काम. म्हणून तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेच्या भोकाभोवती आग सोसणारा लांबी-मसाला भरलेला असतो. बॅटरी लावून मागून उजेड टाकला, पुढून पाहिलं. कुठे ठिपकाभरही प्रकाश आला नाही. पुढच्या कामाला मोकळे.

फायरवॉलच्या चार कोपऱ्यांतून नळ्यांची चौकट पुढे येते. तिच्या चार टोकांना चार वाट्या, वाट्यांत रबराचे बुश. इंजिनाच्या कड्याचे चार कान या बुशांवर बसतात आणि आरपार चार बोल्ट जातात. रबर नसेल तर इंजिनाची थरथर सांगाड्याच्या प्रत्येक जोडात उतरेल. काम ऐकायला सोपं आहे.

मिस्त्रींनी चेन ओढायला घेतली. या माणसाच्या हाताला वजन कळतं. कड्या एक एक करून सरकत होत्या, इंजिन हवेत लोंबकळत होतं, मी नाकाशी बसून बोटांनी कानांना दिशा देत होतो, पुतण्या पलीकडच्या बाजूला. वरचा डावा बोल्ट गेला. वरचा उजवा गेला. खालचा डावा जरा कुरकुरत, पण गेला. खालच्या उजव्या भोकात पाहिलं तर पलीकडचा प्रकाश चंद्रकोरीसारखा दिसला. भोकावर भोक येत नव्हतं. दीड मिलिमीटर.

मिस्त्री वाकून पाहून आले. "बस् इतकंच? पंच टाकून जरासं उचकवलं की येते जागेवर. रोजचं काम हाये माझं."

ते खरं बोलत होते. दीड मिलिमीटर पंचानं ओढून आणणं त्यांना काहीच कठीण नव्हतं. बोल्ट गेला असता, नट बसलं असतं, बाहेरून पाहणाऱ्याला चारही बोल्ट सारखेच दिसले असते. पण ओढून आणलेला बोल्ट बसल्या दिवसापासून ताणात असतो. इंजिन सुरू होण्याआधीच त्याच्यावर भार, त्याच्या शेजारच्या वेल्डिंगवर भार. मग मिनिटाला पाच हजार फेऱ्यांची थरथर त्या एका कोपऱ्याला तासन् तास हलवत राहते. केसासारखी चीर वेल्डिंगच्या कडेला पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही.

मी म्हटलं, "नाही मिस्त्री. खाली घेऊ."

सगळं उतरवायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, हे त्यांना कळत होतं. चेन उलटी ओढताना ते गप्प होते. इंजिन घोडीवर टेकलं तेव्हा स्वतःच बोलले, "मिलच्या हालरचा पायाचा बोल्ट असाच ओढून लावला होता मी. पावसाळ्यात तुटला. पट्टा उडाला तो भितीवर जाऊन आदळला." थोडं थांबून म्हणाले, "कोनी समोर नोहता म्हणून."

दुपारी १२.००

चूक कुठे आहे ते शोधायचं. आधी कड्याच्या चार कानांची मापं घेतली, कर्ण मोजले. दोन्ही सारखे. चौकटीच्या वाट्यांचे कर्ण मोजले. तेही सारखे. मग वाकडं काय आहे?

घरातून कपड्यांना घालायची निळीची पूड आणली, तेलाच्या दोन थेंबांत कालवली आणि चारही बुशांच्या तळाला बोटानं पातळ फासली. बुश वाटीत ठेवून दाबले आणि सरळ वर उचलले. तीन वाट्यांत निळं वर्तुळ पूर्ण उमटलं होतं. चौथ्या वाटीत अर्धंच. उरलेल्या अर्ध्या भागात रंगाचा स्पर्शसुद्धा नाही.

नखानं चाचपलं. चौकटीला पावडर कोटिंग करून आणलं होतं, तेव्हा तापलेल्या भट्टीत त्याचा एक ओघळ वाटीच्या तळाशी जमून टणक झालेला. अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर बुश तिरकं बसत होतं आणि तळाशी असलेला तो अर्धा मिलिमीटर बोल्टच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत दीड होत होता. वाट्यांना आतून चिकटपट्टी लावून मगच कोटिंग करायचं असतं. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नव्हतं. वहीत तसं लिहून ठेवलं, तारखेसह. नंतर हे विमान ज्याच्या हाती जाईल त्याला कळलं पाहिजे की ही वाटी एकदा खरवडलेली आहे.

दुपारी १.००

जेवणं अंगणात. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. आईनं मिस्त्रींना आग्रह करकरून वाढलं. मग त्यांनी पेट्रोलचा विषय काढला. "तिरोड्याच्या पंपावरचं चालते का याले?"

नाही चालत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. या इंजिनाचं मोठं सुख हे की ते मोटारीच्या साध्या पेट्रोलवर चालतं. जगभर हौशी विमानवाले गावातल्या पंपावरून डबे भरून नेतात. पण बनवणाऱ्यांनी इथेनॉलची मर्यादा दहा टक्क्यांची घालून दिली आहे आणि आपल्याकडे आता पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबराच्या नळ्या फुगवतं. बैलजोडीसारख्या दोन कार्ब्युरेटरांत ते पाणी गेलं तर काय होईल याचा प्रयोग मला आकाशात करायचा नाही. म्हणून विमानांचं पेट्रोल, ॲव्हगॅस. तेही पूर्वी बाहेरूनच यायचं. इंडियन ऑइलनं २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतून देशी ॲव्हगॅस काढलं. त्यात शिसं असतं, ते तेलात उतरतं, तेव्हा तेल लवकर लवकर बदलावं लागेल. महागाचं काम आहे, पण नक्की काय करायचं ते ठाऊक असलेलं काम आहे.

आईचा प्रश्न निराळाच असतो. "सरकार उडू देईन का, बाबू?"

तिला मी दर वेळी अमोल यादवांचं सांगतो. तेव्हा ते जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनासाठी ते गच्चीवरून क्रेननं उतरवलं, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की वर काय चाललं होतं. पण बांधून झालं म्हणजे उडता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि उड्डाणाची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. एका माणसानं एवढी वाट चालून दाखवली, म्हणून मागच्यांना ती वाट आहे हे तरी दिसतं. माझ्याही कपाटात त्या वाटेची एक जाड फाइल आहे, आणि तिच्यातला प्रत्येक कागद या गोदामातल्या कुठल्या ना कुठल्या वहीच्या पानावर टेकलेला आहे. म्हणून वही.

दुपारी २.००

वाटी खरवडायला तासभर लागला. धारेचं हत्यार लावायचं नाही, पोलादावर ओरखडा उठला तर तीच पुढे चीर. बांबूची चपटी काडी, रंग मऊ करणारं द्रावण, चिंधी. पुतण्यानं ते काम कोणाला करू दिलं नाही. पुन्हा नीळ, पुन्हा दाबलं, उचललं. चारही वर्तुळं पूर्ण. उरलेल्या तीन वाट्यांचंही कोटिंग काढून टाकलं. रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट रंग दबला की सैल पडतो, मग एकच वाटी कशाला स्वच्छ ठेवायची.

दुपारी ३.१५

चेन पुन्हा ओढली. या वेळी पुढे कोण आणि बाजूला कोण हे सांगावं लागलं नाही. वरचे दोन गेले. खालचा डावा गेला, कुरकुर नाही. खालचा उजवा मी दोन बोटांत धरला आणि तो स्वतःच्या वजनानं आत सरकला.

खाचांची नटं लावली, टॉर्क पान्यानं आडव्यातिडव्या क्रमानं आवळली. आत नायलॉनची कडी असलेली नटं इंजिनाकडच्या बाजूला लावत नाहीत, उष्णतेनं नायलॉनची पकड जाते. म्हणून खाचांचं नट आणि कॉटर पिन. चार पिना, आठ टोकं कापली, डबीत टाकली. नट आणि चौकट यांच्यावर मिळून लाल रंगाची एकेक रेघ ओढली. नट कधी केसभर फिरलं तर रेघ तुटलेली दिसेल.

आता मिस्त्रींना म्हटलं, चेन सैल सोडा, पण हळू. एक कडी. दुसरी. पट्टे अजून ताठ. तिसऱ्या-चौथ्या कडीला नाक वाकायला लागलं. पुतण्या मागे उभा होता, तो ओरडला, "काका, शेपूट!" तिपाईवरच्या बारदान्यापासून शेपूट बोटभर वर उचललं होतं. पुढचं चाक खाली येत येत जमिनीला टेकलं, टायर किंचित चपटा झाला. चार वर्षं शेपटीवर बसलेलं विमान तीन चाकांवर उभं राहिलं. आम्ही तिघंही काही वेळ नुसते पाहत होतो. मिस्त्रींनी चेन सोडली नव्हती. मी सांगितल्यावर सोडली.

बंडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माल पुढे जास्त भरला तर दाब होतो, बैलांच्या मानेवर ओझं येतं. मागे जास्त भरला तर उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांना फास बसतो. विमानाचंही तेच. दाब झाला तर उतरताना नाक उचलता येत नाही. उलाळ झाली तर ते त्याहून वाईट, नाक आपोआप वर चढत जातं आणि चालवणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. साठ किलोचं इंजिन दोन सेंटिमीटर पुढे सरकलं, तर त्याला तोलायला चार मीटर मागे शेपटीत तीनशे ग्रॅम टाकावे लागतात. दोन सेंटिमीटरचे तीनशे ग्रॅम! म्हणून चौकटीची लांबी ठरवताना मी महिनाभर नुसता हिशेब केला होता. खरा आकडा पंख लागल्यावर कळेल. मिलचे तीन इलेक्ट्रॉनिक काटे मिस्त्री आणणार आहेत, तीन चाकांखाली तीन.

दुपारी ४.१५

ओळंबा सोडून पाहायचा. जमिनीवर शेपटीच्या मध्यापासून नाकाच्या मध्यापर्यंत गवंड्याचं सूत ओढून चुन्याची रेघ पाडलेली आहे. पंख्याच्या चकतीच्या मध्यातून ओळंबा सोडला, तो रेघेवर आला. इंजिनाच्या पाठीमागून सोडला, तो रेघेच्या डावीकडे आला. पुतण्या दचकला. पण ते तसंच हवं आहे. इंजिन मुद्दाम किंचित उजवीकडे तोंड करून बसवतात. पंखा फिरतो तेव्हा त्याचा वारा सरळ मागे जात नाही, मळसूत्रासारखा सांगाड्याभोवती फिरत जातो आणि शेपटीच्या उभ्या पंखाला डाव्या बाजूनं ढकलतो. नाक डावीकडे वळू पाहतं. इंजिन उजवीकडे ओढ धरतं, म्हणून चालवणाऱ्याच्या पायावरचा भार हलका होतो.

शाळा सुटलेली. चार-पाच पोरं दप्तरांसकट दारात. आत यायचं नाही हे त्यांना माहीत आहे. "आज चालू कराचं का?" एकानं विचारलं. नाही करणार. तेल नाही, पाणी नाही, पंखा नाही. आणि हे सगळं असतं तरी इथे करणार नाही. तलावावर पाहुणे पक्षी उतरलेले असताना, जंगलाच्या कडेला, शंभर अश्वशक्तीचा आवाज काढायचा नाही असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं आहे. सांगाडा ट्रकवर घालून दूर न्यायचा, सगळ्या परवानग्या हातात घेऊन, तिथे पहिल्यांदा सुरू करायचं. पोरांचा हिरमोड झाला. मग मी त्यांना आमच्या जिल्ह्यातल्या सारसाचं विचारलं. एवढा उंच पक्षी उभ्या उभ्या उडतो का? त्यातल्या एकीनं पाहिला होता. "आधी धावते बांदीत, मंग उडते," ती म्हणाली. विमानही तसंच, म्हटलं. तिनं चाकांकडे पाहिलं आणि मान हलवली.

सायंकाळी ५.००

शेवटचं काम लहान, पण ते विसरून लोकांनी केबल जाळल्या आहेत. इंजिन आता रबरावर बसलं आहे. रबरातून वीज जात नाही. स्टार्टर मोटर ओढते तो प्रवाह बॅटरीकडे परत कुठून जाणार? त्याला वाट दिली नाही, तर तो सापडेल ती वाट धरतो, बहुतेक वेळा थ्रॉटलची पोलादी केबल. ती आत तापून लाल होते, आणि नंतर जेव्हा ओढायची वेळ येते तेव्हा अडकते. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांची जाड पट्टी.

हे मी मिस्त्रींना सांगायला सुरुवात केली तर त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. "वेल्डिंगची अर्थिंग नीट नसली का बेअरिंगमधून करंट जाते. बेअरिंग खाऊन टाकते. माहीत हाये." पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग त्यांनीच खरवडला, धातू चकचकीत करून पट्टी आवळली. मीटर लावून पाहिलं. काटा शून्यावर टेकला.

सायंकाळी ६.००

गणती. फळीवर त्रेचाळीस सावल्या भरल्या. पुतण्यानं डबी वहीच्या पानावर उलटी केली. लॉकवायरचे चार तुकडे. कॉटर पिनांची टोकं एक, दोन, तीन करत सातवर थांबली.

पुन्हा मोजलं. सातच.

मिस्त्री घरी निघाले होते, चप्पल घातलेली. ती काढून परत आत आले. काही म्हणाले नाहीत. चुंबक फिरवून फायदा नव्हता, स्टेनलेसला तो धरत नाही. दिवा बंद केला, बॅटरी जमिनीला आडवी लावली. असा आडवा उजेड टाकला की जमिनीवरच्या कणाकणाला लांब सावली पडते आणि जे उभ्या उजेडात दिसत नाही ते दिसतं. कोंड्याची टरफलं दिसली, एक मुंगळा दिसला. इंजिनाखालचा प्रत्येक कोनाडा आरशानं पाहिला. चौकटीच्या वाट्या पाहिल्या. पुतण्यानं स्वतःच्या बाह्या उलटून झटकल्या. आई दारात येऊन विचारून गेली, जेवायचं नाही का, आणि आमचे चेहरे पाहून तशीच परत गेली.

साडेसात झाले होते. पुतण्या नाकाखाली पोटावर पडून बारदाना इंच इंच चाचपत होता. तागाच्या विणीत, दोन धाग्यांच्या मध्ये उभं शिरलेलं, तांदळाच्या कणीएवढं टोक त्याच्या अंगठ्याला टोचलं. त्यानं ते चिमटीत धरून उजेडात नेलं, मिस्त्रींना दाखवलं, मला दाखवलं आणि डबीत टाकलं. आठ.

वहीत मी वेळ लिहिली, त्यानं सही केली. इंजिनावर स्वच्छ चादर घातली. मिस्त्रींनी बाहेर जाताना वाकून पुढच्या टायरवर हाताचा पंजा ठेवून पाहिला.